तृतीयक ब्यूटिल क्लोराइड : गुणधर्म आणि खबरदारी

आम्ही इतिहासाचे शिक्षक. रसायनशास्त्र हा आमचा विषय नव्हे. तथापि कोणताही नियम स्वीकारण्यापूर्वी त्याचे कारण विचारावे, ही शिस्त दोन्ही विषयांना समान आहे. प्रयोगशाळेतील एका द्रवाच्या उदाहरणाने आम्ही ती येथे मांडतो.

तृतीयक ब्यूटिल अल्कोहोल आणि संहत हायड्रोक्लोरिक आम्ल एकत्र हलविले असता, उष्णता न देताही, तृतीयक ब्यूटिल क्लोराइड तयार होते. हा अल्किल हॅलाइड वर्गातील रंगहीन द्रव होय. 1930 च्या दशकात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये एडवर्ड ह्यूज आणि ख्रिस्तोफर इंगोल्ड यांनी अभिक्रियांच्या यंत्रणेचा जो अभ्यास केला, त्यात या संयुगाला मोठे स्थान होते. बारावीचा विद्यार्थी आजही ती यंत्रणा शिकतो.

त्याचा उत्कलनांक सुमारे 51 अंश सेल्सिअस असल्याने साध्या तापमानालाही त्याची भरपूर वाफ होते. शून्य अंशाखालील तापमानातही ही वाफ ठिणगीने पेटू शकते. शिवाय ती हवेच्या तिपटीहून जड असते. म्हणून ती वर न जाता टेबलावरून, जमिनीलगत सरकते आणि दूरच्या दिव्यापर्यंत पोहोचते. खरा धोका बाटलीतील द्रवापेक्षा या न दिसणाऱ्या वाफेचा आहे.

एवढे समजले की नियम पाठ करावे लागत नाहीत. हा द्रव हाताळताना खोलीत एकही ज्योत नसावी. ऊर्ध्वपातन गरम पाण्याच्या पात्रावर करावे. काम फ्यूम हूडमध्ये, चष्मा व हातमोजे घालून करावे. सोडियम बायकार्बोनेटने धुताना कार्बन डायऑक्साइड वायूचा दाब वाढतो. म्हणून विभाजक नरसाळ्याची तोटी माणसांपासून दूर वळवून वारंवार उघडावी. तीव्र अल्कली वापरू नये. तिच्यामुळे आयसोब्यूटिलीन हा ज्वलनशील वायू निर्माण होतो. पाण्याशी संयोग होऊन हायड्रोक्लोरिक आम्ल बनते, यास्तव बाटली कोरडी, घट्ट बंद व थंड जागी ठेवावी. घरगुती फ्रिजमध्ये मात्र नको, कारण त्यात ठिणगी पडू शकते.

द्रव सांडल्यास पंख्याचे वा दिव्याचे बटण दाबू नये. खिडक्या उघडाव्यात, सर्वांना बाहेर न्यावे आणि शिक्षकांना कळवावे. आग लागल्यास पाण्याचा झोत मारू नये. घनता 0.84 असल्याने जळता द्रव पाण्यावर तरंगत पसरतो. कोरड्या पावडरीचे किंवा कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक वापरावे. धुरात हायड्रोजन क्लोराइड वायू असतो, तो श्वासात जाऊ देऊ नये. डोळ्यांत थेंब गेल्यास किमान 15 मिनिटे वाहत्या पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जावे. उरलेला द्रव मोरीत न ओतता हॅलोजनयुक्त टाकाऊ पदार्थांच्या स्वतंत्र बाटलीत साठवावा.

विद्यार्थी मित्रहो, केवळ भीतीपोटी पाळलेला नियम शिक्षकांची पाठ वळताच मोडतो. कारण उमजून पाळलेला नियम एकांतातही टिकतो. प्रयोगशाळेत आपल्या शेजारी उभ्या असलेल्या सोबत्याची सुरक्षितता याच समजुतीवर अवलंबून असते.