साहित्य आधी, पदार्थ नंतर

पाककला स्पर्धा आपल्या भागात नवीन नाहीत. हळदीकुंकू, गणेशोत्सव, चर्चचं फेस्त, महिला मंडळाचा वर्धापनदिन, कुठलंही निमित्त चालतं. पण बहुतेक वेळा विषय असतो 'गोड पदार्थ', 'उपवासाचे पदार्थ' किंवा 'केक'. मग जिच्या घरी ओव्हन आहे आणि जिला काजू-बदाम परवडतात, तिचं ताट आपोआप उठून दिसतं.

या लेखात एका वेगळ्या प्रकारच्या स्पर्धेबद्दल सांगायचं आहे. आधी दोन-तीन जिन्नस ठरवायचे. सगळ्यांनी आपापल्या घरी ते वापरून एक पदार्थ करायचा, डब्यात घालून आणायचा आणि एकत्र बसून खायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण बेळगाव-निपाणी पट्ट्यात जिन्नस ठरवणं हेच खरं अवघड काम आहे. पंगतीला कोण बसू शकेल आणि कोण बाहेर राहील, हे त्या यादीवरच ठरतं.

ही कल्पना कुठली?

टीव्हीवर हा प्रकार गाजवला जपानच्या 'आयर्न शेफ'ने, १९९३ मध्ये. मुख्य जिन्नस ऐनवेळी जाहीर व्हायचा आणि दोन्ही बाजूंचे आचारी त्याच एका जिन्नसाचे अनेक पदार्थ करायचे. १९९४ मध्ये बीबीसीवर 'रेडी स्टेडी कुक' आलं. त्यात पाहुणे ठरलेल्या थोड्या पैशांत सामान आणायचे आणि त्यातून आचाऱ्याने वीस मिनिटांत जेवण करायचं. आपल्याकडे २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, तेव्हा नाचणी, ज्वारी, बाजरीच्या पदार्थांच्या स्पर्धा कर्नाटकातही झाल्या आणि महाराष्ट्रातही. महाराष्ट्रात पावसाळ्यात रानभाजी महोत्सव होतात, त्यांचंही सूत्र हेच: जिन्नस आधी, पदार्थ नंतर.

आपल्यासारख्या साहित्यवाल्यांना तर ही गोष्ट ओळखीचीच वाटायला हवी. समस्यापूर्तीत कवीला एक चरण दिला जातो आणि बाकीची कविता त्याने अशी रचायची असते की तो चरण तिथे चपखल बसेल. इथे चरणाच्या जागी जिन्नस. शिवाय मराठीत पाककृतीच्या पुस्तकातही 'साहित्य' असतंच! कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' (१९७०) उघडा. वर पदार्थाचं नाव, खाली साहित्य. या स्पर्धेत क्रम उलटा होतो. साहित्य हातात आहे, नाव शेवटी सुचेल.

रताळ्याचं कोडं

समजा, आपण बेळगावचा खास जिन्नस म्हणून रताळं निवडलं. निवड अगदी रास्त आहे. बेळगाव-खानापूर पट्ट्यातली रताळी लांब लांबच्या बाजारात जातात. रताळं स्वस्त आहे, उपवासाला चालतं, ओव्हन लागत नाही. पण निपाणी-चिकोडी भागात जैन वस्ती मोठी आहे आणि बेळगाव शहरातही जैन घरं पुष्कळ आहेत. त्यांतल्या अनेक घरांत कंदमुळं खात नाहीत. म्हणजे ज्या जिन्नसाला आपण 'सगळ्यांचा' म्हणालो, तो शेजारच्या मैत्रिणीच्या घरी शिजतच नाही.

बरं, रानभाज्या ठेवू. त्या येतात पावसाळ्यात, आणि तेव्हा चातुर्मास असतो. अनेक जैन घरं त्या काळात पालेभाज्या बंद ठेवतात. मासळी ठेवली तर कारवार-गोव्याकडची आम्ही मंडळी खूश, पण लिंगायत, ब्राह्मण आणि जैन मित्र नुसते बघत बसणार. लेंटमधल्या शुक्रवारी आम्हा कॅथलिकांना मांस चालत नाही. रमजानमध्ये दुपारची स्पर्धा ठेवली तर मुस्लिम मित्रांनी फक्त वास घ्यायचा का? आणि संध्याकाळी उशिरा ठेवली तर सूर्यास्तानंतर न जेवणारे गळतात.

हे सगळं वाचून वाटेल, मग करायचंच कशाला? मला उलट वाटतं. वर्गात तीन वर्षं एका बाकावर बसूनही शेजारच्याच्या घरी काय चालतं आणि काय नाही, हे आपल्याला बहुतेक वेळा माहीत नसतं. यादी करायला बसलं की विचारावंच लागतं. सीमाभागात आपण भाषेबद्दल खूप बोलतो, ते बोलायलाही हवं. पण कोणाच्या ताटात काय चालत नाही हे विचारणं ही शेजाराची पहिली पायरी आहे, आणि त्यासाठी निमित्त लागतं.

त्यावर उपाय साधे आहेत. जिन्नसाला जोड द्यायची: 'रताळं किंवा लाल भोपळा'. स्पर्धा दिवसा ठेवायची. अंडं किंवा मांस असलेल्या पदार्थांचं टेबल वेगळं, वाढायचे चमचे वेगळे, आणि प्रत्येक डब्यासमोर त्यात काय काय आहे याची चिठ्ठी. शेंगदाण्याची ॲलर्जी असणारेही असतात, त्यांनाही या चिठ्ठीचा उपयोग होतो.

तीन जिन्नस कसे निवडायचे?

माझ्या मते तिन्ही एकाच वळणाचे नसावेत. एक पोट भरणारा, एक चव देणारा आणि एक थोडा अडवणारा. मी सुचवेन: नाचणी, गूळ आणि आमसूल.

तिन्ही स्वस्त आहेत, रविवार पेठेत किंवा गणपत गल्लीत सहज मिळतात, आणि कुठल्याही एका समाजाचे नाहीत. नाचणीला कानडीत रागी म्हणतात. गुळाला कानडीत बेल्ल आणि कोकणीत गोड. नाचणीची भाकरी आणि आंबील बऱ्याच घरांत होते. गोव्याकडच्या घरांत नाचणी, गूळ आणि नारळाचं तिझान करतात. नाताळात आमच्याकडे दोदोल होतं, ते तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा काळा गूळ घालून. हळदीच्या पानातल्या पातोळ्या तर गोव्यात हिंदू नागपंचमीला करतात आणि कॅथलिक १५ ऑगस्टला, मारियेच्या फेस्ताला. आत गूळ-खोबरंच.

आता अडचणींकडे येऊ. नाचणीत ग्लूटेन नसतं, त्यामुळे पीठ गव्हासारखं ताणत नाही. भाकरी थापायची तर पीठ गरम पाण्यात मळावं लागतं किंवा उकड काढावी लागते. गरम दुधात गूळ घातला की दूध फाटतं, म्हणून खिरीत गूळ घालायचा तर दूध आधी थोडं निवू द्यावं लागतं. आमसूल आंबट, दुधाशी त्याचं जमत नाही. नारळाच्या दुधाशी जमतं, पण सोलकढी कोणी उकळत नाही, ती फुटते. म्हणजे तिन्ही जिन्नस एका पातेल्यात नुसते ओतून चालणार नाही, त्यांचे स्वभाव माहीत असावे लागतात. हे स्वभाव आजीला तोंडपाठ असतात. त्यामुळे या स्पर्धेत यूट्यूबपेक्षा आजीला फोन करणारा पुढे जाण्याची शक्यता जास्त!

रताळं निवडलंत तर त्याचंही असंच आहे. ते हळूहळू तापवलं की त्यातल्या स्टार्चची साखर होत जाते. म्हणून कुकरच्या शिट्टीपेक्षा चुलीच्या राखेत भाजलेलं रताळं जास्त गोड लागतं. महागडं सामान इथे काहीच कामाचं नाही.

नियम आणि परीक्षण

नियम थोडेच असावेत. तिन्ही जिन्नस पदार्थात हवेत आणि चवीत कळायला हवेत. मीठ, तेल-तूप, तिखट, हळद आणि फोडणीचं साहित्य सगळ्यांना मोकळं. त्याशिवाय जास्तीत जास्त चार जिन्नस. एकूण खर्च १५० रुपयांच्या आत. पदार्थ घरी करायचा, घरच्यांची मदत चालेल, पण कोणी काय केलं ते चिठ्ठीवर लिहायचं. आईने केलं असेल तर आईचं नाव आलंच पाहिजे.

परीक्षण करताना डब्यावर नाव नको, फक्त क्रमांक. घरचं नाव, आडनाव, गल्ली काही दिसू नये. चव घेण्याचा क्रम सौम्य, मग तिखट, शेवटी गोड. मध्ये ताक ठेवा. मिरचीचा जळजळीतपणा पाण्याने जात नाही, दुधा-ताकाने कमी होतो. निपाणीकडची मंडळी कोल्हापुरी वळणाचं तिखट करतात, तेव्हा हे लक्षात ठेवलेलं बरं. २५ गुणांपैकी १० जिन्नसांच्या चवीला, १० एकूण चवीला आणि ५ कमी खर्चात काय साधलं त्याला. सजावटीला गुण ठेवू नका. ठेवले की टोमॅटोची गुलाबं सुरू होतात.

परीक्षक तीन असावेत आणि त्यांतला निदान एक असा, ज्याच्या घरी हा जिन्नस नेहमी शिजतो. नाचणीची चव नाचणी खाणाऱ्यालाच कळते. बाकीचे तिला 'हेल्दी' म्हणून मोकळे होतात.

शेवटी काय उरतं?

बक्षीस छोटंच असावं, पुस्तक किंवा गुळाची ढेप. पण प्रत्येक पदार्थाची कृती लिहून घ्या, जिच्याकडून ती आली तिच्या शब्दांत. 'मूठभर', 'अंदाजाने', 'हाताला चिकटेस्तोवर' हे शब्द तसेच राहू द्या. कानडीत सांगितली असेल तर कानडीच शब्द देवनागरीत लिहा, शेजारी मराठी. आपलं मंडळ साहित्याचं आहे आणि दोन्ही अर्थांनी हे आपल्याच कामाचं आहे. पुढच्या अंकात या कृतींची चार पानं झाली, तर सीमाभागातल्या चार भाषांच्या स्वयंपाकघरांचा एक छोटा दस्तऐवज आपल्या हाती असेल.

तेव्हा यादी करायला बसूया. पहिला प्रश्न, जिन्नस कोणते? आणि तो विचारताना शेजारी बसलेल्याला आधी विचारा, "तुमच्यात काय चालत नाही?"