केबलने पुस्तक चढवताना

यूएसबी केबल जोडली की बहुतेक किंडलच्या पडद्यावरचे पान नाहीसे होते आणि संगणकावर एक नवा ड्राइव्ह दिसू लागतो. तो दिसला नाही तर आधी केबल बदलून पाहावी. काही केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यांतून फाइल जातच नाही. ड्राइव्हमध्ये ‘डॉक्युमेंट्स’ नावाचे फोल्डर असते. पुस्तक टाकायचे ते त्यात.

पण कोणती फाइल टाकायची?

मराठी विकिस्रोतावरून पुस्तके ईपब स्वरूपात उतरवून घेता येतात. साने गुरुजी 1950 साली गेले, त्यामुळे त्यांचे लेखन 2011 पासून स्वामित्वहक्कातून मोकळे आहे. असा ठेवा हाताशी असतो, मात्र केबलने थेट टाकलेली ईपब किंडलला वाचता येत नाही. ती आधी एझेडडब्ल्यू3 या स्वरूपात बदलावी लागते. हे काम कॅलिबर हे मोफत सॉफ्टवेअर उत्तम करते. त्याचा जन्मही अशाच अडचणीतून झाला. 2006 साली सोनीचे पीआरएस-500 हे वाचनयंत्र आले, पण लिनक्सवाल्यांना त्यात पुस्तके भरण्याची सोय नव्हती. कोविद गोयल यांनी ती स्वतः लिहून काढली. तेच पुढे कॅलिबर झाले.

कॅलिबरमध्ये पुस्तक घेतल्यावर शीर्षक आणि लेखकाचे नाव देवनागरीत नीट भरून घ्यावे, कारण किंडलच्या यादीत तेच दिसणार असते. मग ‘कन्व्हर्ट बुक्स’ आणि ‘सेंड टू डिव्हाइस’. छोटे पुस्तक काही क्षणांत पोहोचते. ड्राइव्ह ‘इजेक्ट’ करूनच केबल काढावी, नाहीतर फाइल अर्धवट राहण्याचा धोका असतो.

मराठी वाचकाची खरी कसोटी लागते ती जुन्या पीडीएफपाशी. ए4 आकाराचे पान सहा इंची पडद्यावर आले की अक्षरे मुंगीएवढी होतात, म्हणून ती फाइलही बदलून पाहावीशी वाटते. पण पुस्तक युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेले असेल, तर हाती अगम्य रोमन अक्षरांची रांग येते. त्या फॉन्टमध्ये देवनागरी फक्त डोळ्यांना दिसते. फाइलच्या पोटात रोमन अक्षरांचेच संकेत असतात. अशा वेळी मजकूर आधी फॉन्ट-परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा लागतो आणि जोडाक्षरे, रफार ओळीओळीने तपासावे लागतात. काम किचकट आहे, पण एकदा युनिकोडमध्ये आणलेला मजकूर पुढे हव्या त्या स्वरूपात बदलून घेता येतो.

एवढा खटाटोप करावा, असे म्हणायला कारण आहे. जुलै 2009 मध्ये अ‍ॅमेझॉनने हक्कांच्या वादामुळे ऑर्वेलची ‘1984’ आणि ‘अ‍ॅनिमल फार्म’ ही विकलेली पुस्तके ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून टाकली होती. पैसे परत केले, नंतर माफीही मागितली. विकत घेतलेले पुस्तक संकेतस्थळावरून संगणकावर उतरवून केबलने किंडलमध्ये टाकण्याची सोय 26 फेब्रुवारी 2025 पासून बंद झाली. स्वतःजवळची फाइल टाकण्याची वाट अजून खुली आहे.

तेव्हा युनिकोडमध्ये आणलेल्या प्रत्येक मराठी पुस्तकाची एक प्रत आपल्या संगणकावर आणि दुसरी वेगळ्या डिस्कवर जरूर ठेवा.