चौकट : प्लास्टिकचे तेल आणि भागधारकांचा पैसा

नायगारा फॉल्स (न्यूयॉर्क) येथील 'प्लास्टिक टू ऑइल' ही कंपनी २०१४पर्यंत 'जेबीआय' नावाने ओळखली जात होती. टाकाऊ प्लास्टिक प्राणवायूविना तापवायचे, निघालेली वाफ थंड करून इंधन मिळवायचे, उरलेला वायू पुन्हा भट्टीतच जाळायचा, ही तिची पद्धत होती. तंत्र खोटे नाही. पण पीव्हीसी मिसळले की क्लोरिनमुळे यंत्रे गंजतात आणि भट्टीत साचलेला कोळसा काढण्यासाठी काम थांबवावे लागते.

घाव मात्र आधी हिशेबाने घातला. २००९च्या ताळेबंदात जाहिरातींची क्रेडिट्स (आगाऊ घेतलेला जाहिरात करण्याचा हक्क) खऱ्या किमतीच्या कितीतरी पट, जवळपास १ कोटी डॉलर दाखवली गेली. जानेवारी २०१२मध्ये अमेरिकी रोखे नियामकाने कंपनीवर खटला भरला. भांडवल आटले, २०१३अखेर प्लास्टिकवरील प्रक्रियाच थांबली. पुढे २०१४च्या जूनमध्ये पिंपामागे ११० डॉलरवर असलेले ब्रेंट कच्चे तेल जानेवारी २०१६मध्ये ३० डॉलरखाली घसरले. तेल स्वस्त झाल्यावर कचऱ्यातून काढलेले इंधन कोण घेणार?

अशा कंपनीचा समभाग काही पैशांत मिळतो म्हणून तो स्वस्त ठरत नाही. रोख किती उरली, कर्ज कोणाचे, नवे समभाग काढून जुन्यांचा वाटा किती पातळ झाला, हे आधी पाहा. आणि सर्वांत महत्त्वाचे : यंत्र वर्षातले किती दिवस चालले? हा आकडा कंपनी देत नसेल, तर पैसे गुंतवू नका.