मदतीचं अर्थकारण (भाग ७) : नाताळच्या सुट्टीतली त्सुनामी

जाहीर झालेली मदत आणि पोचलेली मदत यांतली तफावत मागच्या भागात पाहिली. मुळात आकडा जाहीर होतो कसा, हे समजायला २६ डिसेंबर २००४ इतकं बोलकं उदाहरण दुसरं सापडणार नाही.

त्या रविवारी सकाळी आठच्या सुमाराला सुमात्राजवळ समुद्राचा तळ हादरला, तेव्हा वॉशिंग्टनमध्ये नाताळची रात्र होती. पुढे युरोप-अमेरिकेतला जवळजवळ आख्खा आठवडा सुट्टीचा. अध्यक्ष बुश टेक्सासमधल्या आपल्या रँचवर, ब्रिटनचे पंतप्रधान ब्लेअर इजिप्तच्या समुद्रकिनारी. बुश कॅमेऱ्यासमोर आले ते २९ तारखेला. अमेरिकेने सुरुवातीला दीड कोटी डॉलर देऊ केले होते. संयुक्त राष्ट्रांचे मदतप्रमुख यान एगेलँड म्हणाले, श्रीमंत देश हात आखडता घेतात. रोख एकूणच परदेशी मदतीवर होता, असा खुलासा त्यांनी नंतर केला, पण लागायचं तिथे ते लागलं होतं. दीडाचे साडेतीन कोटी झाले आणि ३१ डिसेंबरला ३५ कोटी. या चार-पाच दिवसांत गरज काही वीसपटीहून अधिक वाढली नव्हती. लाज वाढली होती.

स्वीडनची गोष्ट तर आणखी वेगळी. तिथले हजारो लोक थंडी चुकवायला थायलंडला गेलेले. त्यांतले ५४३ परतले नाहीत. म्हणजे संकट दूरचं नव्हतंच, घरचंच होतं. तरी त्या संध्याकाळी परराष्ट्रमंत्री लायला फ्रायवाल्ड्स नाटकाला गेल्या. चौकशी आयोगाने वर्षभराने सरकारच्या ढिलाईवर कडक ताशेरे ओढले. सुट्टीच्या दिवशी निर्णय घ्यायचा कोणी, याचंच उत्तर यंत्रणेकडे नव्हतं.

मात्र ज्या सुट्टीने मंत्री लांब ठेवले, तिनेच जनतेला टीव्हीसमोर बसवलं. पर्यटकांच्या हँडीकॅममधली लाट घरोघरी दिसू लागली. ब्रिटनमध्ये स्वयंसेवी संस्थांच्या एकत्रित आवाहनाला पुढे ३९ कोटी पौंड मिळाले. लोक पुढे, सरकार मागे, अशी शर्यतच लागली. 'सीमाविरहित डॉक्टर' या संस्थेने तर आठवडाभरातच सांगितलं, त्सुनामीसाठी आता पैसे पाठवू नका, पुरेसे आहेत. देणगी नको म्हणणारी संस्था विरळाच! वस्तूंचा ओघ मात्र थांबेना. सुमात्रातल्या आचे प्रांतात सुमारे ४,००० टन औषधं येऊन पडली. बऱ्याच खोक्यांवरची भाषा तिथल्या परिचारिकांना वाचता येईना, आणि कित्येक टन औषधं शेवटी नष्ट करावी लागणार होती.

सगळा दोष किंवा सगळं श्रेय सुट्टीलाच द्यावं, तर बरोबर वर्षभर आधीचं, २६ डिसेंबर २००३ चं इराणमधलं बाम आडवं येतं. भूकंपात पंचवीस हजारांहून अधिक माणसं गेली. तारीख तीच, सुट्टी तीच. पण तिथे युरोपच्या पर्यटकांची गर्दी नव्हती आणि लाटेचं चित्रणही नव्हतं. जगाचं लक्ष लवकरच उडालं.

त्सुनामीच्या मदतीचं पुढे आंतरराष्ट्रीय मूल्यमापन झालं, त्यात दर बाधित माणसामागे सुमारे ७,१०० डॉलर जमल्याचा हिशेब निघाला. त्याच २००४ च्या पुरात बांगलादेशाच्या वाट्याला माणशी ३ डॉलर.

डिसेंबर २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने आपत्कालीन निधीची फेररचना केली, ती याच पार्श्वभूमीवर. मार्च २००६ पासून तो सुरू झाला: पैसे आधीच जमा ठेवायचे आणि कॅमेरा पोचो न पोचो, लगेच सोडायचे. त्या पेटीत कोण किती टाकतं आणि किती टाळतं, ते पुढच्या आठवड्यात.