वॅट मोठे, वाटण भरड

मुक्ताईनगरच्या बाजारात मिक्सर घ्यायला गेलं की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला, "किती वॅटचा दाखवू, ताई?" ५००, ७५० की १०००? पुढचं सगळं बोलणं त्या आकड्याभोवतीच फिरतं. मुलीच्या लग्नात द्यायचा असेल तर मग मोठाच हवा. आता त्यात मोबाइलवर दिसणाऱ्या ‘हाय-पॉवर ब्लेंडर’ची भर पडली आहे. त्याच्या जाहिरातीत बर्फ, पालक, बदाम असं सगळं दिसतं. गॅसवर भाजलेली खोबऱ्याची वाटी आणि काळा पडलेला कांदा मात्र कधी दिसत नाही.

आपलं काम नेमकं तेच आहे. शेवभाजीचं किंवा पातोड्यांच्या रश्शाचं वाटण म्हणजे भाजलेलं खोबरं, कांदा, आलं-लसूण, कोथिंबीर आणि काळा मसाला. चार माणसांना पुरेल इतकं, म्हणजे जेमतेम वाटीभर. पाणी कमीत कमी घालायचं आणि बोटाला कण लागता कामा नये, नाहीतर रश्शात खोबरं खाली बसतं आणि वर नुसतं पाणी तरंगतं. शिवाय रोजचा दाण्याचा कूट, ठेचा, उन्हाळ्यात आमरस आणि लोणच्याचा मसाला. मिक्सर निवडायचा तो ही यादी समोर ठेवून. प्रत्यक्षात तो निवडला जातो काही पक्क्या समजुतींवर.

"जितके वॅट जास्त, तितकं वाटण बारीक"

वॅटचा आकडा मोटर किती वीज ओढते ते सांगतो. त्यातली किती ताकद पात्यापर्यंत पोहोचते आणि ते पातं वाटणाला लागतं की नाही, हे तो सांगत नाही. मोठ्या भांड्यात वाटीभर वाटण टाकून पाहा. पहिल्या दोन फेऱ्यांत सगळा ऐवज भांड्याच्या भिंतीला जाऊन चिकटतो, पात्याभोवती पोकळी होते आणि मोटर रिकामीच घोंगावते. तिथे १००० वॅट असले काय आणि ५०० असले काय! तेच वाटण चटणीच्या लहान भांड्यात घातलं तर ५०० वॅटचा मिक्सरही गंधासारखं वाटून देतो.

म्हणून दुकानात आधी चटणीचं भांडं हातात घ्यावं. पातं तळाच्या किती जवळ फिरतं, पात्याची टोकं आणि भिंत यांत किती जागा राहते, ते पाहावं. पातं उंचावर बसवलेलं असेल तर खालचं खोबरं तसंच राहतं आणि दर मिनिटाला झाकण काढून चमच्याने खरवडत बसावं लागतं.

मोठी मोटर निरुपयोगी आहे असं नव्हे. घट्ट, जड काम पुढ्यात आलं की लहान मोटरचा वेग पटकन पडतो आणि ती तापते, मोठी मोटर तग धरते. घरात माणसं जास्त असतील, डाळी वाटून वडे वरचेवर होत असतील तर ७५० वॅट घ्यावेत. चौघांच्या घराला १००० वॅट लागतातच असं मला वाटत नाही.

"परदेशी हाय-पॉवर ब्लेंडर घेतला की सगळंच होतं"

मुंबईच्या माधुरी माथूर यांच्याकडचा जर्मन मिक्सर आपल्या स्वयंपाकापुढे टिकला नाही. त्यांचे पती सत्यप्रकाश माथूर इंजिनिअर होते. आपल्या वाटणाला पुरी पडेल अशी मोटर आणि तसं भांडं बनवण्याचा ध्यास त्यांनी घेतला. १९६३ मध्ये त्यांनी कंपनी काढली आणि त्यातून पुढे घरोघरी पोहोचलेला ‘सुमीत’ मिक्सर आला. तिकडचा ब्लेंडर आणि इकडचा मिक्सर ग्राइंडर ही दोन वेगळ्या कामांची यंत्रं आहेत, हे तेव्हाच कळून चुकलं होतं.

ब्लेंडरचं भांडं उंच, पातळ पदार्थासाठी घडवलेलं. त्यात भोवरा तयार होतो, वरचा माल ओढला जाऊन पात्यावर येतो आणि पुन्हा वर फेकला जातो. भोवऱ्याला पातळपणा लागतो आणि मालही पुरेसा लागतो. घट्ट पदार्थासाठी झाकणातून एक दांडा घालून तो सतत खाली ढकलावा लागतो. वाटीभर वाटण त्या दीड-दोन लिटरच्या भांड्यात कुठल्या कुठे पसरतं. सूप, बदामाचं दूध, बर्फ घातलेला शेक यांत मात्र त्याचा हात धरणारं दुसरं यंत्र नाही. पण घरी केळी आहेत म्हणून शेकसाठी इतका महाग ब्लेंडर घ्यावा, हे काही पटत नाही. पिकलेलं केळं साध्या मिक्सरमध्येही अर्ध्या मिनिटात विरघळतं.

जाहिरातीतला ‘३ हॉर्सपॉवर’चा आकडाही तपासून घ्यावा. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे तीनचे झाले सव्वादोन हजारांच्या आसपास. अमेरिकेतल्या घरातला साधा प्लग १२० व्होल्ट आणि १५ अँपिअरचा, त्यातून १८०० वॅटपेक्षा जास्त मिळतच नाहीत. मग हा आकडा आला कुठून? तो क्षणभराच्या कमाल जोराचा असतो, सलग चालण्याचा नसतो. आपल्याकडच्या खोक्यांवरही ‘पीक’ हा शब्द बारीक अक्षरांत दिसला तर तो सोडून दुसरा आकडा शोधावा.

अमेरिकेत राहणाऱ्या लेकीने आणलेला ब्लेंडर इथल्या २३० व्होल्टवर थेट लावला तर मोटर जळते. इथून नेलेला मिक्सर तिकडे १२० व्होल्टवर जळत नाही, पण रडतखडत फिरतो. तिकडे न्यायचा असेल तर ११० व्होल्टचा मिक्सर मागून घ्यावा. असे मिक्सर आपल्याच कंपन्या बनवतात.

"मोटर दणकट असली की हवा तेवढा वेळ चालवा"

आपल्या भागात सर्वांत जास्त मिक्सर या समजुतीपायी जळत असावेत. ‘३० मिनिटं रेटिंग’ याचा अर्थ सलग अर्धा तास असा लावला जातो. माहितीपत्रकात तो साधारणपणे ५ मिनिटं चालू, २ मिनिटं बंद, अशा फेऱ्या धरून लिहिलेला असतो.

त्यात आपला उन्हाळा. मिक्सरच्या मोटरला गार करायला तिचाच लहानसा पंखा असतो आणि तो खोलीतलीच हवा ओढतो. मोटरच्या तारांवरच्या आवरणाची सहनशक्ती वर्गवार ठरलेली आहे: ‘ई’ वर्ग १२० अंश, ‘बी’ १३०, ‘एफ’ १५५. जानेवारीच्या सकाळी स्वयंपाकघरात १५ अंश असतात तेव्हा मोटरला तापायला भरपूर वाव असतो. मे महिन्याच्या दुपारी पारा ४५ वर गेला की त्यातले ३० अंश मिक्सर सुरू होण्याआधीच संपलेले असतात. नेमक्या त्याच दिवसांत लोणच्याचा मसाला, आमरस आणि वर्षाच्या तिखटाची गडबड असते. ही कामं सकाळी लवकर उरकावीत.

संध्याकाळी व्होल्टेज उतरलेलं असताना दाट वाटण लावणं हाही मोटरचा छळच. व्होल्टेज पडलं की वेग पडतो, वेगाबरोबर आतला पंखाही मंदावतो. वाटायला वेळ जास्त, गारवा कमी. आवाज नेहमीपेक्षा जड येऊ लागला की बंद करून वाट पाहावी. इन्व्हर्टरवर तर मिक्सर लावूच नये. पंखे-दिव्यांसाठी घेतलेला लहान इन्व्हर्टर सुरुवातीच्या झटक्यालाच बसतो.

मिक्सर मध्येच गप्प झाला म्हणजे जळाला, असंही नाही. तळाशी लाल बटण असतं. भार जास्त झाला की ते बाहेर येतं आणि वीज तोडतं. प्लग काढा, भांड्यातला माल कमी करा, दहा-पंधरा मिनिटं थांबून बटण दाबा. जळका वास आला असेल तरच कारागिराकडे न्या. तिथेही बऱ्याचदा मोटरचे नुसते कार्बन ब्रश झिजलेले असतात, आणि ते बदलणं फारसं महाग पडत नाही.

आणि वर्षभराची नंदुरबारची मिरची? ती कांडपावरच न्यावी. चार-पाच किलो तिखट घरच्या मिक्सरवर करणं म्हणजे मोटरचीही परीक्षा आणि घरातल्यांच्या नाकाचीही. हळकुंडं तर सबंध कधीच टाकू नयेत. पातं वाकतं, भांड्याला पोचा पडतो.

"मोठा मिक्सर म्हणजे मोठं बिल"

७५० वॅटचा मिक्सर रोज दहा मिनिटं चालला तर महिन्याला चार युनिटंही जळत नाहीत. २०० वॅटचा कूलर रोज दहा तास चालला तर तेवढी दोन दिवसांत जळतात. बिलाचा राग मिक्सरवर काढण्यात अर्थ नाही.

"लोहचुंबक चिकटला तर स्टील हलकं"

दुकानात भांड्याला चुंबक लावून दाखवणं हा आता रिवाजच झाला आहे. चांगलं समजलं जाणारं ३०४ स्टील चुंबकाला धरत नाही, हे खरं. पण स्वस्तातलं २०२ सुद्धा धरत नाही! म्हणजे ज्या दोघांत फरक करायचा, त्यांच्यात ही परीक्षा काहीच सांगत नाही. उलट पात्याला चुंबक चिकटला तर घाबरू नये. कडक पाती ज्या जातीच्या स्टीलची करतात ते बहुधा चुंबकाला धरतंच. मोटरमध्ये तांब्याच्या तारेच्या वाइंडिंगचा आग्रह मात्र रास्त आहे. अॅल्युमिनियमची वीज वाहण्याची क्षमता तांब्याच्या साधारण ६१ टक्के, त्यामुळे तेवढ्याच कामाला ते जास्त तापतं.

मीठ फिरवून पात्यांना धार येते, हेही असंच. मिठाने अडकलेला चिकटा निघतो आणि पातं चकचकीत दिसतं, इतकंच. धार येत नाही. मिक्सर मुळात धारेपेक्षा वेगाच्या माराने काम करतो; रिकामा असताना मिनिटाला १८ हजारांच्या पुढे फेरे होतात.

"मिक्सरने चव जाते"

ही समजूत मी पूर्ण खोडणार नाही. पात्यापर्यंत पोहोचलेली बहुतेक ताकद शेवटी उष्णता होऊन मालातच उतरते. परदेशी ब्लेंडर पाच-सहा मिनिटांत गार सूप वाफाळतं करतो ते ह्याच जोरावर. (उकळतं वरण मात्र झाकण घट्ट लावून फिरवू नये. वाफेने झाकण उडून अंगावर येतं.) सुकं खोबरं निम्म्याहून जास्त तेलच असतं, शेंगदाणे जवळपास निम्मे. सलग फिरवले की ते तापतात, तेल सुटतं आणि कुटाचा लगदा होतो. बटण उलट्या बाजूला दोन-दोन सेकंद मारत गेलं, मधे भांडं हलवलं, की कूट मोकळा राहतो. भाजलेलं खोबरं पूर्ण गार झाल्यावरच घ्यावं. आधी कोरडं भरड करावं आणि मगच कांदा व चमचाभर पाणी घालावं. बारीक वाटणाचं निम्मं गुपित या क्रमात आहे.

भरताचं वांगं मात्र कुठल्याच मिक्सरमध्ये घालू नये. लाकडी बडगीत मुसळीने ठेचलं की गर फुटतो, तंतू राहतात, मिरची-लसणाचा रस त्यात मुरतो. पात्याखाली त्याच वांग्याच्या बियाही चिरडल्या जातात, हवा भरते आणि फिकट, चिकट लापशी हाती येते. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या वांग्याला ही शिक्षा कशाला?

मग घ्यावा कोणता? चौघांच्या घराला ५०० ते ७५० वॅट, चांगलं चटणीचं भांडं, तांब्याचं वाइंडिंग, आयएस ४२५० या मानकाचा आयएसआय शिक्का. पैसे देण्याआधी दुकानदाराला आणखी एक विचारावं: या मॉडेलचं कपलर (भांडं मोटरला जोडणारा तुकडा) आणि झाकणाचं रबर आत्ता दुकानात आहे का? ते मुक्ताईनगरात नाही, भुसावळात नाही, जळगावला मागवावं लागेल, असं उत्तर आलं तर पुढचं मॉडेल पाहावं. कपलर आणि रबर या झिजणाऱ्याच वस्तू आहेत. आज ना उद्या बदलाव्या लागणारच, आणि त्या बहुधा घरात पाहुणे आलेले असतानाच तुटतात.