अग्निबाणाची परीक्षा

मृग नक्षत्र जवळ आले म्हणजे वऱ्हाडातील शेतकरी एक लहानसा प्रयोग करतो. पेरणीसाठी ठेवलेल्या बियाण्यातून तो शंभर दाणे मोजून घेतो, भिजवलेल्या गोणपाटावर ओळीने मांडतो, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवतो आणि त्यावर अधूनमधून पाणी शिंपडतो. काही दिवसांनी गुंडाळी उलगडून अंकुरलेले दाणे मोजावयाचे. सोयाबीनचे शंभरांपैकी सत्तर दाणे उगवले, तर ते बियाणे पेरण्यास योग्य समजतात. अकोला जिल्ह्यातील आमच्या घरी आजोबा ज्वारीचे दाणे असेच मोजीत, आणि मोजणी संपेपर्यंत आम्हा मुलांना तोंड उघडू देत नसत. मला त्यात एक गोष्ट मोठी चमत्कारिक वाटे. जे दाणे उगवल्याचे डोळ्यांनी दिसले, ते बाजूला पडत. आणि जे शेतात पेरावयाचे, त्यांची परीक्षा झालेलीच नसे!

अग्निबाण बनविणाऱ्या शास्त्रज्ञांपुढे हाच पेच असतो. नवी बैलगाडी अंगणात फिरवून पाहता येते. विहिरीवरचा पंप घटकाभर चालवून बंद करता येतो. परंतु घन इंधनाचा अग्निबाण एकदा पेटला, की इंधन संपेपर्यंत तो विझविता येत नाही. आणि जळून गेलेले इंधन परत कोठून आणावयाचे? म्हणून जो आकाशात जावयाचा, तो आधी पेटवून पाहत नाहीत. त्याच्यासारखाच दुसरा बनवून तो जाळतात.

भारताचा जीएसएलव्ही मार्क–३ हा अग्निबाण असाच पारखून घेतलेला आहे. आज त्याला एलव्हीएम–३ म्हणतात. त्याचे वजन सुमारे ६४० टन. त्याच्या दोन्ही अंगांस एस–२०० नावाचे घन इंधनाचे दोन प्रचंड नळे असतात. प्रत्येकात सुमारे २०० टन इंधन मावते. मध्यभागी द्रव इंधनाचा टप्पा असतो आणि त्याच्यावर अतिथंड द्रव हायड्रोजन व द्रव ऑक्सिजन यांवर चालणारा टप्पा.

एस–२०० चे पोलादी कवच ३.२ मीटर व्यासाचे असते. चांद्रयान–३ घेऊन गेलेल्या अग्निबाणाच्या कवचाचे काही भाग पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात घडविलेले होते. अशा कवचाची पहिली परीक्षा पाण्याने होते. त्यात पाणी भरून दाब वाढवीत नेतात. हवा का भरीत नाहीत? दाबलेल्या हवेने कवच फुटले, तर त्याच्या चिंधड्या दूरवर उडतील. पाणी दाबाने फारसे आकसत नाही. त्यामुळे कवच तडकले तरी दाब तत्काळ उतरतो आणि मोठा स्फोट होत नाही.

पुढे कवचात इंधनाचा दाट लगदा ओततात. तो घट्ट झाल्यावर आत कोठे पोकळी वा भेग राहिली आहे काय, हे क्ष-किरणांसारख्या साधनांनी तपासावे लागते. एवढ्याशा भेगेचे एवढे भय कशासाठी? आपल्या चुलीकडे पाहा. बाभळीचा ओंडका सावकाश जळतो. तेवढ्याच वजनाची पऱ्हाटी भडभडा पेटते, कारण तिचे सर्व अंग विस्तवाला उघडे असते. इंधनाला भेग पडली, की तिच्या दोन्ही कडांनाही आग लागते. वायू अपेक्षेपेक्षा अधिक निर्माण होतो, दाब वाढतो आणि कवच फुटू शकते.

याशिवाय ज्या घाण्यातील इंधन मोठ्या कवचात ओतले, त्याच घाण्यातील थोडे लहान नळ्यांत भरून जाळून पाहतात. आजोबांचे शंभर दाणे ते हेच!

२४ जानेवारी २०१० रोजी श्रीहरिकोटा येथे एक अख्खा एस–२०० जमिनीवर जखडून पेटविण्यात आला. तो सुमारे १३० सेकंद जळत राहिला. दाब, उष्णता, कंप अशी सुमारे सहाशे मोजमापे त्या अवधीत नोंदली गेली. ४ सप्टेंबर २०११ रोजी दुसरा जाळला. दोन मिनिटांच्या नोंदीसाठी शेकडो टन इंधनाची राख झाली. मला तो खर्च मुळीच अधिक वाटत नाही.

द्रव इंधनाचे यंत्र मात्र मध्येच थांबविता येते. ५ मार्च २०१० रोजी तमिळनाडूतील महेंद्रगिरी येथे मधल्या टप्प्याची चाचणी २०० सेकंद चालावयाची होती. एका मोजमापात फरक दिसताच ती १५० सेकंदांवर बंद केली. तपासात एक गळती सापडली. ती दुरुस्त करून ८ सप्टेंबरला पूर्ण २०० सेकंदांची चाचणी झाली. काही लोक त्या पहिल्या चाचणीस अपयश म्हणतील. मी म्हणणार नाही. १० ऑगस्ट १९७९ रोजी भारताचा एसएलव्ही–३ हा अग्निबाण आपल्या पहिल्याच उड्डाणात बंगालच्या उपसागरात कोसळला होता. त्याच्या दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणासाठी ठेवलेले आम्ल एका झडपेतून गळून गेले होते. महेंद्रगिरीची गळती जमिनीवर सापडली, ही ती थोडी गोष्ट होय काय?

तरीही सर्व टप्पे एकदम पणाला लावले नाहीत. १८ डिसेंबर २०१४ च्या प्रायोगिक उड्डाणात खालचे टप्पे खरे होते. वरचा टप्पा पेटणारा नव्हता. इंधनाऐवजी त्यात द्रव नायट्रोजन भरून भार साधला होता. खऱ्या वरच्या टप्प्याची ६४० सेकंदांची पूर्ण चाचणी १७ फेब्रुवारी २०१७ रोजी महेंद्रगिरी येथे झाली.

अखेर ५ जून २०१७ च्या सायंकाळी ५ वाजून २८ मिनिटांनी संपूर्ण अग्निबाण ३,१३६ किलोग्रॅम वजनाचा जीसॅट–१९ उपग्रह घेऊन श्रीहरिकोट्याहून निघाला आणि उपग्रह कक्षेत पोहोचला. त्या सायंकाळी जे दोन एस–२०० धडाडून पेटले, त्यांना तोपर्यंत ठिणगीसुद्धा लागलेली नव्हती.