युरोपीय कलाशैली: जुने गोवे ते मुंबई

धावड्याच्या आपल्यासारख्यांना अजिंठा शेजारचा. युरोपीय कलाशैली मात्र परीक्षेपुरत्या पाठ होतात. वास्तविक त्यांतील काहींची उदाहरणे जुने गोवे व मुंबई येथेच आहेत.

सोळाव्या शतकात रीतिलाघववादी चित्रकारांनी प्रबोधनकाळाचा तोल मुद्दाम मोडला, मानवाकृती लांबविल्या. सतराव्या शतकात भाविकांचे मन हेलावून टाकण्यासाठी चर्चने बरोक शैलीला आश्रय दिला. कलेत नाट्य आणि छायाप्रकाश आला. अठराव्या शतकातील रोकोको नाजूक, विलासी होती. तिच्या विरोधात नव-अभिजातवाद ग्रीक-रोमन साधेपणाकडे वळला.

जुन्या गोव्यातील बॉम जेझुस चर्चमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरचे स्मारक आहे. त्याचा संगमरवरी चौथरा बरोक शैलीचा; फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोज्जिनी याने घडविलेला, १६९८ साली उभारलेला. वरची चांदीची पेटी मात्र त्याआधीच, १६३७ साली, गोव्याच्या कारागिरांनी घडविली होती. मुंबईच्या टाउन हॉलच्या (१८३३) दर्शनी डोरिक स्तंभांची शांत रांग म्हणजे नव-अभिजातवाद.

फोज्जिनीचे नाव पुस्तकांत येते. त्या गोमंतकीय कारागिरांची नावे सहसा येत नाहीत. शैलींची नावे पाठ करताना त्या हातांचीही आठवण आपण ठेवावी.